फाइल आहे, पण सापडत नाही

आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून असमाधान वाटले म्हणून डोनाल्ड कनुथ यांनी १९७७ साली 'टेक' ही संगणकीय अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली. पुढच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक'चा मजला चढविला. मूळ लाटेकमध्ये मोजक्याच सोयी आहेत. उरलेल्या सोयी जाणकारांनी लिहिलेल्या पॅकेजांतून मिळतात आणि ती 'सीटॅन' या भांडारात ठेवलेली असतात.

ही पॅकेजे बसविणारा व्यवस्थापक टेकच्या वितरणाबरोबरच येतो. तो मार्ग खुला असेल तर दुसऱ्या वाटेस जाऊच नये. पण कोठे तशी मुभा नसते, कोठे जोडणी नसते, आणि मग पॅकेज हाताने बसविण्याची पाळी येते. प्रबंध देण्याची तारीख उद्यावर आलेली, फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे, आणि यंत्र मात्र 'फाइल सापडली नाही' एवढेच सांगते!

या उत्तराचा अर्थ नीट समजून घ्यावा. फाइल नाही असे यंत्र म्हणत नाही; मी शोधतो तेथे ती नाही, असे ते म्हणते. लाटेक संगणकाचा कानाकोपरा धुंडाळीत नाही. 'टेक लाइव्ह' या वितरणात प्रथम चालू कामाचा फोल्डर पाहिला जातो, नंतर वापरणाराचा खाजगी 'टेक्सएमएफ' फोल्डर, मग त्या संगणकावरील सर्वांसाठी असलेला सामाईक आणि सरतेशेवटी मूळ वितरणाचा. खाजगी फोल्डरातही 'टेक', त्यात 'लाटेक', त्यात पॅकेजच्या नावाचा फोल्डर, अशी उतरंड पाळावी लागते.

सामाईक जागेची आणखी एक अट आहे. मोठ्या ग्रंथालयात नवे पुस्तक फळीवर ठेवले, पण नोंदवहीत चढविले नाही, तर ग्रंथपाल 'नाही' म्हणणारच. टेकचीही अशी नोंदवही असते; 'एमकेटेक्सएलएसआर' ही आज्ञा दिली म्हणजे ती नव्याने लिहिली जाते. खाजगी फोल्डरास बहुधा ही यातायात लागत नाही.

अंदाज बांधीत बसण्यापेक्षा यंत्रासच विचारावे. 'केपीएसईविच' या आज्ञेपुढे फाइलचे नाव लिहिले की लाटेकला ती कोठे सापडते तो मार्ग छापला जातो. काहीच उमटले नाही, तर जागा, नाव किंवा नोंदवही चुकली आहे. विंडोजवर नावाचे शेपूट लपलेले असते, आणि 'एसटीवाय'च्या मागे 'टीएक्सटी' चिकटून बसलेले कोणास दिसत नाही. मार्ग उमटला, पण भलत्याच फोल्डराचा, तर जुनी प्रत नवीच्या आड आली आहे. तिला दूर करावे.

कधी भांडारातून आणलेल्या पॅकेजात 'एसटीवाय' फाइलच नसते, 'डीटीएक्स' आणि 'आयएनएस' अशा दोनच असतात. तेव्हा 'आयएनएस' फाइल लाटेकमधून चालवावी. तीतून हवी ती फाइल बाहेर पडते.

मराठीत लिहिणारांस 'पॉलिग्लॉसिया' हे पॅकेज उपयोगी पडते. त्याची मुख्य फाइल एकटीच उचलून आणली, तर ती सापडते आणि तरीही मराठी चालत नाही, कारण प्रत्येक भाषेची फाइल निराळी असते; मराठीची 'ग्लॉस-मराठी' या नावाची आहे. शिवाय हे पॅकेज 'झीटेक' किंवा 'लुआटेक' यांवरच चालते. 'पीडीएफलाटेक'पुढे ते कितीही बिनचूक बसविले, तरी व्यर्थ.