अजिंठ्याचा अंधार आणि मोबाइलची तीन भिंगे

अजिंठ्याची बुद्धलेणी आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. संग्रामपूर परिसरातून तेथे शाळांच्या सहली जातात, कुटुंबे जातात, आणि आता प्रत्येकाच्या हाती कॅमेऱ्याचा मोबाइल असतो. तरीही लेणे क्रमांक १ मधील बोधिसत्त्व पद्मपाणीचे छायाचित्र बहुधा धूसर, दाणेदार निघते. दोष मोबाइलच्या किमतीचाच असतो असे नाही. कोणत्या भिंगातून किती प्रकाश आत येतो, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ छायाचित्रे वाया जातात.

भिंगातून प्रकाश ज्या वाटेने आत शिरतो, त्या छिद्राला अपर्चर म्हणतात. मोबाइलच्या माहितीपत्रकात ते एफ/१.८, एफ/२.२ असे लिहिलेले असते. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो: अंतर ६ मिलिमीटर आणि व्यास ३ मिलिमीटर असेल तर एफ/२. म्हणजे अपूर्णांकाच्या छेदासारखेच, अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. प्रकाश मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एफ/१.८ च्या भिंगातून एफ/२.२ पेक्षा सुमारे दीडपट आणि एफ/२.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट तेज सेन्सरवर पडते. सॅमसंगच्या एस२३ अल्ट्रा या महागड्या मोबाइलचे मुख्य भिंग एफ/१.७ आहे, तर दहापट जवळ आणणारे एफ/४.९, दोहोंत आठपटींहून अधिक अंतर पडले. शिवाय हा अंक सेन्सर केवढा आहे ते सांगत नाही. सर्वांत मोठा सेन्सर बहुधा मुख्य भिंगामागेच असतो. स्वस्त मोबाइलच्या पाठीवर तीन-चार डोळे दिसले, तरी त्यांतील दोन मेगापिक्सेलचा एखादा केवळ संख्या वाढविण्यापुरता असतो.

अजिंठ्यात या तिन्ही भिंगांना आपापली जागा आहे. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली लेण्यांची रांग समोरच्या डोंगरावरून पाहावी. तेथे उन्हाची कमतरता नसते, म्हणून दूरचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग उत्तम चालते. लेणे क्रमांक २६ मध्ये तथागतांची सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती आहे. स्तंभ आणि भिंत यांमधील वाट अरुंद, मागे सरकायला जागा नाही. येथे रुंद आवाक्याचे अल्ट्रावाइड भिंगच हवे. ते कडेच्या आकृती ताणते, म्हणून तथागतांचे मुखमंडल चौकटीच्या अगदी कडेला येऊ देऊ नये. ते मुख्य भिंगाने स्वतंत्र टिपावे.

भित्तिचित्रांसाठी मात्र मुख्य भिंगाला पर्याय नाही. प्रखर प्रकाशाने रंगांची हानी होऊ नये म्हणून लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मोबाइल दोन्ही हातांनी धरून, कोपरे शरीराला टेकवून, श्वास रोखून रात्र-मोड वापरावा. पडद्यावर ३ हा आकडा दाबून पद्मपाणी जवळ आणण्याचा मोह टाळावा. मंद प्रकाशात अनेक मोबाइल टेलिफोटो भिंग गुपचूप बंद ठेवून मुख्य भिंगाचेच चित्र कापून मोठे करतात. खात्री करायची असेल तर टेलिफोटो भिंगावर बोट ठेवून पाहावे. चित्र झाकले गेले नाही तर समजावे.

या चित्रांच्या नकलांचा इतिहास दुःखद आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. एकाच जागी ठेवलेली प्रत एकाच आगीत जाते. मोबाइल हरवणे हीही आगच.

आता घराकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईवडिलांचे बोट धरून गेलेली दहा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची छायाचित्रे आपण ‘पोर्ट्रेट’ मोडमध्ये काढतो, आणि मागची भिंत पुसट होते. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने माणूस थोडा दूर असला तर मागचेही बऱ्यापैकी स्पष्ट येते. ही धूसरता बहुतांशी छिद्राची नसते, गणिताने मागाहून चढविलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती खटकते. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, तथागतांची मूर्ती, कोनाड्यातील जुना कंदील हे सारे त्या माणसाच्या आयुष्याचे पुरावे आहेत. आजीला दाराजवळ, बाहेरचा उजेड तोंडावर येईल अशी बसवावी, साधा मोड ठेवावा आणि मुख्य भिंग वापरावे.

ट्रंकेतील जुन्या छायाचित्रांची नक्कल करतानाही हेच भिंग घ्यावे. छायाचित्र खिडकीजवळ सपाट ठेवावे, फ्लॅश बंद करावा, मोबाइल त्याला समांतर धरून थोडा वर न्यावा, म्हणजे कडा वाकत नाहीत. पाठीमागे काही लिहिलेले असेल तर तेही टिपावे. नावे आणि तारखा पुष्कळदा तेथेच सापडतात.