रंग नको, पुस्तिका बघा

गटाचे पापड-मसाले मुरबाडहून ठाण्याला पोचवायला आम्ही एक जुनी हायब्रिड गाडी वापरतो. मे महिन्यात कल्याणच्या पत्री पुलाजवळ कोंडीत अडकलो आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. कूलंट कमी झालं की आम्ही बोअरचं पाणी ओतत होतो. पाणी तापवायच्या हंड्यात पांढरा थर धरतो ना, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरला. दुरुस्तीचा खर्च गटाच्या शिलकीतून गेला.

कूलंट म्हणजे ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. साध्या पाण्यापेक्षा ते उशिरा उकळतं. मात्र गंज रोखणारी रसायनं हळूहळू संपतात, म्हणून ते मुदतीत बदलावंच लागतं.

विकत घेताना हिरवा-गुलाबी रंग बघू नका. रंगाचा नियम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या. वेगवेगळे प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो. डब्यावर ‘प्रीमिक्स’ असेल तर पाणी घालायचं नाही. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, पुस्तिकेतल्या प्रमाणात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत इन्व्हर्टरच्या कूलंटची वेगळी छोटी टाकी असते. मेकॅनिकला तीही बघायला सांगा.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजेल. कूलंट चवीला गोड, पण विषारी. मुलांपासून, गुराढोरांपासून लांब ठेवा.

आता आमच्या नोंदवहीत कूलंटचं नाव आणि बदलल्याची तारीख असते. तुम्हीही लिहा.