वाहतं गॉल्जी, थिजलेल्या आकृत्या

पेशीविज्ञानात भांडणं पुष्कळ झाली. पण एखादं अंगक मुळात आहे की नाही, यावरच अर्धं शतक वाद रंगण्याचा मान गॉल्जी संकुलाचा. १८९८ साली इटलीतल्या पाव्हियात कामिल्लो गॉल्जींनी घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या, तेव्हा त्यांना आत एक काळं जाळं दिसलं. रंगवण्याच्या रीतीतूनच उपजलेला हा भास, असं म्हणत कित्येकांनी ते मोडीत काढलं. १९५४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या, तेव्हा कुठे शंकेखोर गप्प झाले.

रायबोसोमवर प्रथिन कसं तयार होतं, हे वाचकांनी शाळेत घोकलेलं आहे. आंतर्द्रव्यजालिकेचा शोध, क्लोद आणि पोर्टर यांची पहिली धूसर छायाचित्रं, हेही सर्वश्रुत आहे. मला थांबायचंय ते जॉर्ज पालादे यांच्यापाशी.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पालादे आणि जेमीसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेतले. या पेशींचं मुख्य काम एकच, पाचक विकरं बनवायची आणि बाहेर सोडायची. कापांना ३ मिनिटं किरणोत्सारी ल्यूसीन दिलं, मग साधं. ठरावीक वेळाने एकेक काप जिथल्या तिथे स्थिर केला आणि किरणोत्साराने काळे ठिपके कुठे उमटतात ते पाहिलं. सुरुवातीला ठिपके खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर होते. आणखी ७ मिनिटांनी ते गॉल्जीच्या कडेला आले, ३७ मिनिटांनी दाट होत चाललेल्या रिक्तिकांमध्ये आणि ११७ मिनिटांनी विकरांनी ठासून भरलेल्या कणिकांमध्ये. १९६७ साली छापून आलेल्या या कामाने नकाशा दिला आणि वेळापत्रकही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी नकाशा उचलला, वेळापत्रक टाकून दिलं. माझं सगळं गाऱ्हाणं एवढंच आहे.

मधला काळ झपाट्याने आटोपतो. प्रथिनाच्या अग्रटोकाशी असलेली साधारण २० अमिनो आम्लांची ओळ त्याला जालिकेकडे नेते, हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवलं. १९९९चं नोबेल त्यासाठी. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी ३७ अंशांवर स्राव तुंबणारं यीस्ट शोधलं. माल आत साचल्याने या पेशी जड होतात, म्हणून त्या वेगळ्या काढता आल्या. १९८० पर्यंत अशी २३ जनुकं हाती लागली. रॉथमन यांनी तोच प्रवास परीक्षानळीत घडवला. २०१३ साली शेकमन आणि रॉथमन यांना स्यूडोफ यांच्यासह नोबेल मिळालं. काम थोर, यात वाद नाही. पण त्याच्या प्रभावळीत पुटिकांचं, म्हणजे माल वाहणाऱ्या पटलाच्या सुट्या गोळ्यांचं, राज्य सुरू झालं. गॉल्जीच्या पिशव्या जागच्या जागी, त्यांच्यातली विकरंही जागच्या जागी, आणि माल तेवढा इवल्या पुटिकांत बसून या पिशवीतून त्या पिशवीत, असं चित्र पक्कं झालं.

या चित्राला काही जणांचा सुरुवातीपासून विरोध होता आणि मी त्यांच्या बाजूचा. १९६९-७० च्या सुमारास माल्कम ब्राउन यांनी प्ल्यूरोक्रायसिस या शैवालाचा अभ्यास केला. हे शैवाल अंगावर खवले बाळगतं आणि ते खवले तयार होतात गॉल्जीच्या पिशव्यांच्या आत. खवला एवढा मोठा की कुठल्याच वाहक पुटिकेत मावणं शक्य नाही. मग तो पुढे सरकतो कसा? पिशवीच त्याला घेऊन सरकते. एका बाजूला नवी पिशवी जुळून येते, पुढे जाता जाता परिपक्व होते आणि पलीकडच्या बाजूला विखुरते. पुटिकांना काम उरतं ते विकरं मागे नेण्याचं. 'शैवालाची गोष्ट शैवालापुरती' म्हणून प्रस्थापितांनी हे बाजूला सारलं. स्वादुपिंडाची गोष्ट मात्र स्वादुपिंडापुरती नव्हती!

मग आलं कोलॅजन. कातडी, हाडं, कंडरा या साऱ्यांचं हे प्रथिन. जालिकेत त्याचे तीन धागे एकमेकांभोवती पिळले जातात. त्याआधी त्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट चढावा लागतो आणि तो चढवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पीळ टिकत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. दर्यावर्दींना छळणारा स्कर्व्ही तो हाच. पीळ बसला की ताठ काठी तयार, लांबी ३०० नॅनोमीटर. जालिकेतून निघणारी नेहमीची पुटिका ६० ते ८० नॅनोमीटरची! १९९८ मध्ये इटलीत लुईनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे कोलॅजन पिशवीबाहेर न पडताच गॉल्जी ओलांडतं. आणि ते जालिकेतून बाहेर काढायला टँगो-१ हे प्रथिन लागतं, हे २००९ मध्ये दाखवलं विवेक मल्होत्रा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या बार्सिलोनातल्या गटाने.

इथे थोडं घरचं सांगतो. आम्ही पुण्यात शिकत होतो तेव्हा अतिसूक्ष्म काप घ्यायला काचेची पट्टी मोडून सुरी करायची. धार फार वेळ टिकायची नाही. सुरीला चिकटवलेल्या पाण्याच्या कुंडात काप तरंगायचे आणि त्यांच्या रंगावरून जाडी कळायची. चंदेरी म्हणजे साधलं, सोनेरी चालवून घ्यायचा, जांभळा आला की फेकायचा. चंदेरी काप ६० ते ९० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ पुटिकेएवढाच. मग कापात दिसणारं वर्तुळ ही पुटिका, की आडवी छेदलेली नळी, की पिशवीची फुगीर कड, हे एका कापावरून कसं ठरवणार? आमचे सर याच प्रश्नावर विद्यार्थ्यांना तासभर उभं करत. पण वर्तुळ दिसलं की बाण काढून 'वाहक पुटिका' लिहिणारे महाभाग परिषदा गाजवत होते.

निकाल लागला असं मी म्हणतो तो २००६ मध्ये. शिकागोचा ग्लिक यांचा गट आणि जपानमधला नाकानो यांचा गट, दोघांनी एकाच वर्षी जिवंत यीस्ट पाहिलं. बेकरीच्या यीस्टमध्ये गॉल्जीच्या पिशव्या सुट्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे एकेकीवर नजर ठेवता येते. सुरुवातीच्या प्रथिनांना एक रंग दिला, शेवटच्या प्रथिनांना दुसरा. हिरवी पिशवी पाहता पाहता लाल झाली. विरोधक २००८च्या एका प्रयोगाकडे बोट दाखवतात. त्यात माल एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकल्यासारखा न जाता सुरुवातीपासूनच बाहेर पडू लागला. तो पुरावा खोटा नाही. लहान प्रथिनांना आडवाटा असतील. काठीसारख्या कोलॅजनला कुठली वाट, ते मात्र त्यांनी सांगावं.

आताची स्थिती काय? गॉल्जी म्हणजे पेशीचं टपाल कार्यालय, एवढं पाठ केलं की परीक्षेत गुण मिळतात. टपाल कार्यालय स्वतः चालत नाही, हे क्लासमध्ये कोण सांगणार! वरच्या वर्तुळातही वेगळं नाही. प्रथिनांचा आकार संगणकाने वर्तवण्यासाठी मिळालेल्या २०२४च्या नोबेलनंतर एका व्याख्यानात ऐकलं की अमिनो आम्लांचा क्रम दिला की संगणक आकार सांगतो, आता पेशीत डोकावायचं कारण उरलं नाही. असं म्हणणाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिस हा आजार आठवावा. त्यात सीएफटीआर या प्रथिनातलं ५०८ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बहुतेक रुग्णांत गळालेलं असतं. ते प्रथिन पेशीपटलापर्यंत पोचलं तर थोडंफार काम करू शकतं. पण जालिकेतले पहारेकरी घडी नीट नाही म्हणून त्याला अडवतात आणि मोडून टाकतात. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तीन औषधांच्या मिश्रणातली दोन ते प्रथिन नीट घडवून पटलापर्यंत पोचवतात. दुखणं वाटेत होतं, उपायही तिथेच सापडला.

पाठ्यपुस्तक मंडळींना एक सुचवतो. आकृती बदलणं जमत नसेल तर निदान बाणांशेजारी पालादेंची मिनिटं छापा : ७, ३७, ११७. एखादी मुलगी विचारेलच की एवढा वेळ तिथे नेमकं होतं काय. शिक्षकांना पूर्ण उत्तर देता आलं नाही तरी लाजायचं कारण नाही. शिकागो, बार्सिलोना, जपान इथल्या मंडळींनाही ते अजून देता आलेलं नाही.