पालकसभेतील रिकामी खुर्ची

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये शिकणाऱ्या दर चार मुलांपैकी किमान एक मूल हिस्पॅनिक असते. मेक्सिको, प्वेर्तो रिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा स्पॅनिश भाषक प्रदेशांशी नाते असलेली ही कुटुंबे. त्यांतले अनेक पालक शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या साफसफाईत राबतात. या पालकांबद्दल शाळांची एक जुनी तक्रार आहे : ते पालकसभेला येत नाहीत, म्हणजे त्यांना मुलांच्या शिक्षणाची फिकीर नाही. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधन मात्र काही वेगळेच सांगते.

एका शब्दातला फरक

स्पॅनिशमधील ‘एदुकासिओन’ हा शब्द इंग्रजीतल्या ‘एज्युकेशन’सारखाच दिसतो, पण त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. त्यात शिक्षणाबरोबर वळण, थोरांचा मान, चांगली वागणूक हे सगळे येते. ‘शिकला, पण संस्कार नाहीत’ असे आपल्याकडे म्हणतात, तोच भेद इथेही आहे. वळण लावायचे काम घराचे, धडे शिकवायचे काम शिक्षकाचे, अशी या पालकांची धारणा असते. शिक्षकाच्या कामात लुडबुड करणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. अमेरिकी शाळेला मात्र प्रश्न विचारणारा, वारंवार भेटणारा पालकच ‘जागरूक’ वाटतो. पालक आदराने लांब राहतात आणि शाळा त्याला बेफिकिरी समजते. ग्वादालूपे वाल्देस या अभ्यासिकेने सीमेलगतच्या दहा मेक्सिकन कुटुंबांचा अभ्यास करून १९९६ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे नावच ‘कॉन रेस्पेतो’, म्हणजे ‘आदरपूर्वक’ असे आहे.

हेरार्दो लोपेस यांनी २००१ मध्ये टेक्सासमधील एका स्थलांतरित शेतमजूर कुटुंबाविषयी लिहिले. हे आईबाप मुलांना मुद्दाम शेतावर कामाला नेत. कष्ट काय असतात ते मुलांनी अनुभवावे आणि शाळा की मजुरी हे स्वतःच ओळखावे, हा हेतू. मुलांच्या शिक्षणासाठी चाललेली ही धडपड शाळेच्या हजेरीपटावर कुठेच दिसत नाही.

घरी कोणती भाषा?

‘मूल मागे पडतेय, घरी इंग्रजीच बोला,’ हा सल्ला या पालकांना सर्रास मिळतो. इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या मराठी घरांनाही तो ओळखीचा आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी त्याला शास्त्राचा आधार नाही. डायन ऑगस्ट आणि टिमथी शॅनहन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांच्या राष्ट्रीय गटाने उपलब्ध संशोधन तपासून २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या भाषेतील वाचन-लेखनाची कौशल्ये इंग्रजी शिकताना उपयोगी पडतात, असे त्यात दिसून आले.

याचे कारण समजायला सोपे आहे. शब्द ध्वनींचा बनतो, गोष्टीला आरंभ आणि शेवट असतो, न सांगितलेला अर्थ संदर्भावरून काढायचा असतो, हे मूल एकदाच शिकते. ते कोणत्या भाषेत शिकले याने फारसे बिघडत नाही. उलट, ज्यांना इंग्रजी जेमतेम येते ते पालक इंग्रजीतच बोलू लागले, की वाक्ये आखूड होतात आणि गप्पा आटतात. ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’ एवढेच उरते. पुढे किशोरवयात शाळेतला छळ किंवा मनातली उदासी सांगायला आईबाप आणि मूल यांच्यात पुरेशी समान भाषाच राहत नाही.

दोन भाषांमुळे बोलणे उशिरा येते, हाही गैरसमजच. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हा आजार नव्हे. मूल दोन्ही भाषांत मागे असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे.

मूलच दुभाषी

अनेक घरांत शाळेची पत्रे, बँकेचे अर्ज, डॉक्टरांचे बोलणे मूलच आईवडिलांना समजावते. यातून मूल चुणचुणीत होते, पण ओझेही वाहते. पालकसभेत स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच भाषांतरित करायची वेळ आली, तर मूल अडचणीत येते आणि पालकांना खरे काय ते कळत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन केंद्र सरकारच्या शिक्षण व न्याय खात्यांनी २०१५ मध्ये शाळांना पत्र पाठवले होते. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती द्यावी आणि त्यासाठी मुलांना दुभाषी करू नये, असे त्यात बजावले होते.

काय उपयोगी पडते?

सॅन दिएगोत १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅरेंट इन्स्टिट्यूट फॉर क्वालिटी एज्युकेशन’ने पालकांसाठी नऊ आठवड्यांचे वर्ग घेतले, तेही त्यांच्याच भाषेत. प्रगतिपुस्तक कसे वाचायचे, कॉलेजसाठी कोणते विषय लागतात, शिक्षकांना काय विचारायचे, हे तिथे शिकवतात. ‘आब्रिएन्दो पुएर्तास’ हा लॉस एंजेलिसमधून पसरलेला उपक्रम लहान मुलांच्या पालकांसाठी आहे. त्यात ओळखीच्या म्हणी आणि हाउजीसारखा ‘लोतेरिया’ हा चित्रांचा खेळ वापरतात.

ॲरिझोनातील टूसॉनमध्ये लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रवास केला. तिथे शिक्षकच घरोघर गेले, पण तक्रार घेऊन नव्हे, शिकायला. शेती, खाणकाम, बांधकाम, घरगुती औषधे यांचे केवढे ज्ञान या घरांत आहे हे त्यांनी नोंदवले. मग एका वर्गात मेक्सिकन मिठाई हा अभ्यासाचा विषय झाला आणि ती करून दाखवायला एक आई वर्गात आली.

शाळा अर्धवट सोडलेल्या १६ ते २४ वयोगटातील हिस्पॅनिक तरुणांचे प्रमाण २००० मध्ये सुमारे २८ टक्के होते, ते २०२१ मध्ये सुमारे ८ टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत. पण या पालकांना शिक्षणाची कदर नाही, या समजुतीशी हा आकडा मुळीच जुळत नाही.

पालकांना घरी करता येण्याजोगे

• रोज १५-२० मिनिटे आपल्या भाषेत गोष्ट वाचा. वाचता येत नसेल तर चित्रे पाहून किंवा आठवणीतली सांगा.

• ‘अभ्यास झाला का?’ याऐवजी ‘आज बाईंनी काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ असे विचारा.

• महिन्याला दोन खाडे किरकोळ वाटतात, पण १८० दिवसांच्या शालेय वर्षात ते १८ च्या आसपास जातात. दहा टक्के दिवस बुडाले की मूल तिथल्या व्याख्येनुसार ‘सततचे गैरहजर’ ठरते.

• ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी.

• शाळेकडे दुभाषी मागा. ‘माझे मूल इयत्तेच्या पातळीवर वाचते का?’ हा प्रश्न जरूर विचारा. तो विचारल्याने शिक्षकाचा अनादर होत नाही.