दोन इंची टी म्हणजे नेमकी कुठली? प्लंबिंगच्या दुकानातली भाषा शिकून घ्या



लातूरच्या बॅचमधल्या एका तरुणाने हार्डवेअरचं छोटं दुकान टाकलं. पहिल्याच आठवड्यात औशाकडचे एक काका आले. म्हणाले, "भाऊ, दोन इंची टी द्या." याने दिली, पैसे घेतले, गल्ल्यात टाकले. दुसऱ्या दिवशी काका परत दारात, आणि आवाज चढलेला. टी पाईपवर बसलीच नव्हती. प्लंबर नुसता बसून राहिला, त्याची हजेरी द्यावी लागली, जाण्यायेण्याचं भाडं गेलं ते वेगळंच. गंमत अशी, की टी खराब नव्हती आणि ती दोन इंचीच होती.

मग चुकलं कुठं? शेतातल्या ज्या पीव्हीसी पाईपला आपण "दोन इंची" म्हणतो, त्यावर ६३ एमएम छापलेलं असतं. त्याचा बाहेरचा व्यास खरोखर ६३ मिलिमीटर असतो. घराच्या यूपीव्हीसीचा दोन इंची पाईप मात्र बाहेरून ६०.३ मिलिमीटर असतो. फरक तीन मिलिमीटरचाही नाही, पण पाईप टीमध्ये जात नाही म्हणजे नाही. आपल्याकडे एकाच काउंटरवर शेतकरीही येतो आणि घर बांधणाराही येतो. गंजगोलाईत दुकान असो की नांदेडच्या वजिराबादेत, हा घोळ तुमच्या वाट्याला येणारच.

म्हणून आजचा मुद्दा एकच आहे: कुठला पाईप हे कळल्याशिवाय नुसत्या इंचाला काही अर्थ नाही. गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

पहिला प्रश्न: पाणी कुठलं?

थंड पाणी असेल तर यूपीव्हीसी चालतो. हा बहुतेक वेळा पांढरा असतो. गीझरचं किंवा सोलरचं गरम पाणी असेल तर सीपीव्हीसीच द्या. तो साधारण पिवळसर, क्रीम रंगाचा असतो आणि ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. संडास-बाथरूमचं सांडपाणी असेल तर एसडब्ल्यूआर. हा बहुधा राखाडी असतो, आणि घरांत ७५ आणि ११० एमएम जास्त खपतो.

पण नुसत्या रंगावर विसंबू नका, पाईपवरचं छापील वाचा. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८, एसडब्ल्यूआरवर आयएस १३५९२ आणि पाणीपुरवठ्याच्या व शेतीच्या पीव्हीसीवर आयएस ४९८५ असा नंबर असतो. एवढे तीन नंबर पाठ केले तरी अर्धी लढाई जिंकली.

दुसरा प्रश्न: माप कशाचं?

अर्धा इंच घ्या. सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाईप बाहेरून १५.९ मिलिमीटर, आणि यूपीव्हीसीचा अर्धा इंची २१.३ मिलिमीटर. नाव एक, माप वेगळं! एकाची फिटिंग दुसऱ्याला बसणार नाही. सोल्यूशनही दोघांचं वेगळं असतं, डबीवर बघूनच द्या. शेतीच्या पाईपमध्ये ६३ म्हणजे बोलण्यात दोन इंची, ७५ म्हणजे अडीच, ९० म्हणजे तीन इंची.

जुने मिस्त्री सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे "चार सुती" अर्धा इंच, "सहा सुती" पाऊण इंच. मिस्त्री सुतात बोलला तर गोंधळून जाऊ नका, मनात आठाने भागा.

तिसरा प्रश्न: आटे की सोल्यूशन?

पाईप पाईपला सोल्यूशनने चिकटतो, पण नळ आट्यांवर बसतो. जिथे या दोघांची गाठ पडते तिथे एमटीए किंवा एफटीए लागतो. एमटीएला बाहेरून आटे, एफटीएला आतून आटे. नळाला बाहेरून आटे असतात, म्हणून भिंतीत आतून पितळी आटे असलेला ब्रास एल्बो किंवा ब्रास एफटीए बसवतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची. टेप द्यायची आठवण दुकानदाराने करावी, तेवढीच विक्री होते आणि गिऱ्हाइकाचा हेलपाटाही वाचतो.

बाकीची नावं सोपी आहेत. वळण घ्यायला एल्बो, फाटा काढायला टी, सरळ जोडायला कपलर, मोठ्यावरून लहान पाईप काढायला रिड्यूसर, तोंड बंद करायला एंड कॅप. युनियन हाही जोडच, पण खोलता येणारा. मोटारीजवळ युनियन नसेल तर मोटार काढताना दरवेळी पाईप कापावा लागतो, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

नळ आणि व्हॉल्व्ह

भिंतीतून बाहेर येतो तो बिब कॉक. बेसिनवर उभा राहतो तो पिलर कॉक. गीझर, फ्लश टाकी, बेसिन यांच्या कनेक्शन पाईपला पाणी देतो आणि गरज पडली तर बंद करतो तो अँगल कॉक. पाणी एकाच दिशेने जाऊ देतो तो एनआरव्ही. टाकी भरली की तरंगत्या गोळ्यामुळे पाणी बंद करतो तो बॉल कॉक. बॉल व्हॉल्व्ह ही वेगळी वस्तू आहे. तो हँडलने पाव फेरा फिरवून चालू-बंद करतात. ही दोन नावं नवी मुलं हमखास उलटसुलट करतात.

बॉल कॉकची किंमत लातूरकराला वेगळी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होतं. आता हिशेब करा: दहा मिनिटांत एक लिटर गळणारा नळ दिवसाला १४४ लिटर पाणी घालवतो. घरातल्या माणसाला हा आकडा सांगा, तो दुरुस्ती उद्यावर ढकलणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. क्षार साचून नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची भोकं बुजतात. "प्रेशर येत नाही" अशी तक्रार आली की लगेच नवा नळ विकू नका. आधी जाळी काढून साफ करायला सांगा. त्या दिवशी विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक कायमचं जोडलं जाईल.

ट्रॅप म्हणजे काय?

सांडपाण्याच्या वाटेत थोडं पाणी अडवून ठेवणारा वाकडा भाग म्हणजे ट्रॅप. ते साठलेलं पाणीच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. बाथरूमच्या जमिनीत असतो तो नहाणी ट्रॅप. हा शब्द आपल्या न्हाणीचाच! मे महिन्यात घर बंद ठेवून लोक गावाला जातात, ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि परतल्यावर घरभर वास. अशा वेळी तोडफोड नको, आधी तांब्याभर पाणी ओतून बघा.

कमोड विकताना पी ट्रॅप की एस ट्रॅप हे विचाराच. पी ट्रॅपचा पाईप भिंतीत जातो, एस ट्रॅपचा जमिनीत. एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत किती इंच, तेही मोजून आणायला सांगा. मोजमाप न घेता विकलेला कमोड परत यायची शक्यता फार, आणि तोही बऱ्याचदा टवका उडून येतो.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: गिऱ्हाईक काय म्हणालं, बॉक्सवर काय लिहिलंय, ती वस्तू कुठे बसते. ओळखीच्या प्लंबरमामाबरोबर दोन दिवस साईटवर फिरा आणि वही भरा. दुकानात एका फळीवर प्रत्येक फिटिंगचा एकेक नग नावासकट लटकवा. आणि बिलावर "टी, २ इंच" एवढंच लिहू नका. "टी, यूपीव्हीसी, २ इंच" असं पूर्ण लिहा, म्हणजे पुढचा वादच मिटतो.

त्या आमच्या तरुणाने काय केलं? काकांना टी बदलून दिली आणि दुकानात पाटी लावली: "फिटिंग घ्यायला येताना पाईपचा वीतभर तुकडा घेऊन या." तेव्हापासून त्याच्याकडे परत येणारा माल बराच कमी झालाय. ही पाटी तुम्हीही लावा, त्याची काही हरकत नाही.