वाहक वृंदांची मांडणी

सपुष्प वनस्पतींच्या शरीरात पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकांच्या जुडग्यांना वाहक वृंद असे म्हणतात. त्यांतील प्रकाष्ठ (जलवाहिनी) मुळांनी शोषलेले पाणी व खनिजे वर नेते, तर परिकाष्ठ (रसवाहिनी) पानांत तयार झालेले अन्न इतर अवयवांना पुरविते. ही ऊतके खोडात व मुळात निरनिराळ्या रीतीने मांडलेली असतात.

खोड

सूर्यफुलासारख्या द्विदलिकित वनस्पतीच्या कोवळ्या खोडाच्या आडव्या छेदात वृंद एका वर्तुळात दिसतात. प्रत्येक वृंदात प्रकाष्ठ आतील व परिकाष्ठ बाहेरील बाजूस असून दोहोंमध्ये ऊतककर हा सतत विभागणाऱ्या पेशींचा थर असतो. मक्यासारख्या एकदलिकित वनस्पतीच्या खोडात वृंद सर्वत्र विखुरलेले, मात्र कडेकडे अधिक दाट असतात. त्यांत ऊतककर नसतो.

मूळ

मुळात प्रकाष्ठ व परिकाष्ठ यांचे गट एकाच त्रिज्येवर नसून आलटून-पालटून येतात. त्यामुळे जमिनीतून शोषलेले पाणी परिकाष्ठ न ओलांडता प्रकाष्ठापर्यंत पोहोचते. प्रथम तयार झालेले प्रकाष्ठ खोडात केंद्राकडे, तर मुळात परिघाकडे असते. द्विदलिकितांच्या मुळात प्रकाष्ठाचे गट बहुधा २ ते ६, तर एकदलिकितांच्या मुळात साधारणतः त्याहून अधिक असतात.

महत्त्व

ऊतककर आतील बाजूस नवे प्रकाष्ठ व बाहेरील बाजूस नवे परिकाष्ठ निर्माण करतो. त्यामुळे आंब्याचे खोड वर्षानुवर्षे जाड होते आणि त्याचे लाकूड बनते. दोन रोपांचे ऊतककर एकमेकांशी जुळतात, म्हणूनच आंब्याचे कलम बांधता येते. परिकाष्ठ सालीलगत असल्याने खोडाभोवतीची साल कड्याच्या आकारात पूर्ण काढल्यास मुळांना अन्न मिळत नाही. अशा झाडाची पाने काही काळ हिरवी राहतात, पण मुळांची उपासमार होऊन ते बहुधा मरते.

माडाच्या खोडात असा ऊतककर नसल्याने त्याचे कलम बांधता येत नाही आणि चढण्यासाठी खोडावर पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत. ड्रॅसिना, युका यांसारख्या काही एकदलिकित वनस्पतींचे खोड मात्र वेगळ्या प्रकारच्या विभाजी थरामुळे जाड होते.