गळतीशोधन, नळमार्गातील

दाबाखाली तेल, पाणी इ. द्रव वाहून नेणाऱ्या नळमार्गातील गळती ओळखून तिचे स्थान ठरविण्याच्या तंत्रास गळतीशोधन म्हणतात. नळमार्गात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या राशींची तुलना करणे ही मूलभूत पद्धत होय. मात्र मापकांच्या त्रुटीहून लहान गळती तीत आढळत नाही. नळ एकाएकी फुटल्यास दाब उतरल्याची लहर दोन्ही दिशांना जाते. तिचा वेग सेकंदास १ किमी. असून परस्परांपासून ५० किमी. अंतरावरील दोन दाबमापकांपाशी ती १० सेकंदांच्या फरकाने पोहोचली, तर गळती जवळच्या मापकापासून २० किमी. वर असते. संथ गळतीत ही लहर क्षीण असल्याने मार्गाची प्रत्यक्ष पाहणीही करावी लागते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्शलजवळ २५ जुलै २०१० रोजी तेलाचा नळ फुटला. धोक्याच्या सूचना मिळूनही नळातील द्रवस्तंभ केवळ खंडित झाला असावा, अशा समजुतीने पंप दोनदा पुन्हा सुरू करण्यात आले. गळती सु. १७ तासांनी उघडकीस आली, सु. ३२ लाख लि. तेल सांडून कॅलामाझू नदी दूषित झाली. उपकरणांइतकेच त्यांच्या सूचनांचा योग्य अर्थ लावणेही महत्त्वाचे असते, हे यावरून दिसून येते.